विश्लेषण : नोकरी गेली, तरी बेरोजगारी भत्ता का मिळत नाही?

आपल्याकडे बेरोजगारी भत्ता नाहीच, असा अनेकांचा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. कारखाने, दुकाने, हॉटेले, रुग्णालये अशा ठिकाणी ठरावीक मर्यादेपर्यंत पगार घेणाऱ्यांसाठी असे दोन भत्ते आहेत आणि त्या विम्याचा हप्ता दर महिन्याला पगारातून कापला जातो. तरीही नोकरी गेल्यावर अनेकांच्या हाती काही लागत नाही. कारण शोधायला गेले तर गाडी एका प्रश्नावर येऊन थांबते : कामगाराला ‘काढले’ की त्याने ‘सोडले’?

कोणते दोन भत्ते?

दोन्ही योजना कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, म्हणजे ईएसआयसीच्या आहेत. महिन्याला २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेले कर्मचारी (दिव्यांगांसाठी २५ हजार) या विम्यात येतात. कर्मचाऱ्याच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात, कंपनी ३.२५ टक्के भरते. बहुतेकांना हे फक्त दवाखान्याचे कार्ड वाटते.

पहिली योजना राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. ती १ एप्रिल २००५ पासून सुरू आहे. कारखाना बंद पडला, कायद्यानुसार कामगार कपात झाली किंवा कामाशी संबंध नसलेल्या अपघातामुळे किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आले, तर ती लागू होते. पहिले १२ महिने वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता मिळतो.

दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती १ जुलै २०१८ रोजी दोन वर्षांसाठी, प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि तेव्हापासून मुदतवाढीवर चालली आहे. २०२४ मध्ये तिला ३० जून २०२६ पर्यंत वाढ मिळाली. यात आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांची मदत मिळते. आधी ती सरासरी कमाईच्या २५ टक्के होती. करोनाच्या काळात ५० टक्के झाली. दावा करण्यासाठी ९० दिवस थांबावे लागे, ते ३० दिवसांवर आले. कंपनीमार्फत अर्ज करण्याची सक्तीही गेली. एका वेळी यापैकी एकाच योजनेचा लाभ घेता येतो.

हिशेब कसा होतो?

अटल योजनेत ‘अर्धा पगार’ असे म्हटले जाते, पण गणित थोडे वेगळे आहे. मागच्या चार अंशदान कालावधींतील एकूण कमाईला ७३० दिवसांनी भागतात आणि त्याचा अर्धा भाग एका दिवसाची मदत म्हणून धरतात. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे हे कालावधी असतात.

समजा महिन्याला १८ हजार पगार आहे आणि दोन वर्षे खाडा नाही. एकूण कमाई ४ लाख ३२ हजार. दिवसाला सुमारे ५९२ रुपये, त्याचे अर्धे २९६. नव्वद दिवसांचे सुमारे २६ हजार ६०० रुपये. आता त्याच दोन वर्षांत १६ महिन्यांचेच अंशदान नोंदले गेले असेल, तर भागायचे तरी ७३० नेच. मग ९० दिवसांचे मिळतात सुमारे १७ हजार ७५०. मधले ‘ब्रेक’ असे महागात पडतात.

पात्रतेसाठी बेरोजगार होण्याआधी किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी हवी. शेवटच्या कालावधीत किमान ७८ दिवसांचे आणि त्याआधीच्या तीनपैकी एका कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान हवे.

मग अडते कुठे?

गैरवर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई होऊन नोकरी गेली, निवृत्ती झाली, स्वेच्छानिवृत्ती घेतली किंवा स्वतःहून नोकरी सोडली, तर अटल योजनेचा लाभ नाही. बेकायदा ठरलेल्या संपाचा काळही चालत नाही. नियम म्हणून यात वावगे काही नाही. अडचण आहे ती ‘स्वतःहून सोडली’ हे ठरते कसे, यात.

कंपनी दर महिन्याला ईएसआयसीच्या पोर्टलवर अंशदान भरते. एखाद्याचे दिवस शून्य दाखवायचे असतील तर कारण निवडावे लागते. त्या यादीत ‘नोकरी सोडली’, ‘कामगार कपात’, ‘काम नाही’, ‘निवृत्त’, ‘संप किंवा टाळेबंदी’ असे वेगवेगळे पर्याय आहेत. कपात झालेल्या कामगाराच्या नावापुढे एचआरमधल्या कुणी सवयीने ‘नोकरी सोडली’ निवडले, तर सरकारी नोंदीत तो स्वेच्छेने गेलेला माणूस ठरतो. कामगाराला हे कळते ते महिनाभराने, दावा अडकल्यावर. तोवर कंपनीच्या गेटवर त्याला आत घेणारे कोणी नसते.

‘राजीनामा द्या’ असे का सांगतात?

‘काढल्याचा शिक्का नको, पुढची नोकरी मिळायला सोपे जाईल,’ असे समजावले जाते. अनुभवपत्र आणि थकीत पगार अडकेल, या भीतीने माणूस सही करतो. पण कायद्याच्या भाषेत कपात आणि राजीनामा यांत मोठी दरी आहे.

कामगार कपात केली तर किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन द्यावे लागते. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नव्या संहितेने कौशल्य निधीची भर घातली : कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचे वेतन भरायचे आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे.

सहा वर्षे नोकरी आणि १८ हजार पगार धरून ढोबळ हिशेब करू. नोटिशीचे १८ हजार, भरपाईचे सुमारे ५४ हजार, कौशल्य निधीचे ९ हजार. इथेच ८१ हजार झाले. राजीव गांधी योजनेची अट पूर्ण होत असेल तर पहिल्या सहा महिन्यांचा भत्ता ५४ हजार. म्हणजे सहा महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली तरी १ लाख ३५ हजार. दोन वर्षे नाहीच मिळाली तर जास्तीत जास्त २ लाख ४३ हजार. ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ या एका ओळीने हे सगळे शून्य होऊ शकते. ग्रॅच्युइटी आणि पीएफ मात्र राजीनामा दिला तरी बुडत नाहीत.

कंत्राटी कामगार आणि ट्रेनींचे काय?

चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी अशा औद्योगिक पट्ट्यांत कंत्राटी कामगारांची संख्या मोठी आहे. ठेकेदार बदलला की काही जण त्याच कामगाराचा नवा विमा क्रमांक काढतात. प्रत्यक्षात हा दहा अंकी क्रमांक माणसाचा असतो, नोकरीचा नाही. कंपनी बदलली तरी तोच चालवायचा असतो. दोन क्रमांकांत विभागलेले अंशदान जोडून घेतले नाही तर ७८ दिवसांची अट आणि ७३० चा हिशेब दोन्ही बिघडतात. ठेकेदाराने पैसेच भरले नसतील तर अंशदानाची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

अप्रेंटिस कायद्याखालचे प्रशिक्षणार्थी मात्र ईएसआयमध्ये येत नाहीत. मशीनवर काम तेच असले तरी त्यांना हा भत्ता नाही. ठरावीक मुदतीच्या कराराची मुदत संपून नोकरी गेली, तर नव्या संहितेत ती ‘कपात’ धरली जात नाही. म्हणजे कपातीची भरपाईही नाही. अटल योजनेच्या अपात्रतेच्या यादीत मात्र करार संपणे हे कारण नाही, त्यामुळे तिथे दावा करून पाहावा.

पगार २१ हजारांच्या वर असेल तर?

तर सरकारी बेरोजगारी भत्ता नाही. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा पुण्यापासून बेंगळूरुपर्यंत आयटीतल्या अनेकांना याची जाणीव झाली. त्यांच्यासाठी कंपनी देईल ती रक्कम, स्वतःची बचत आणि पीएफ एवढेच उरते. वर्षाकाठी दहा-वीस लाख मिळवणारा अभियंता आणि १८ हजारांचा ऑपरेटर यांच्यात सुरक्षेच्या बाबतीत ऑपरेटर कागदावर तरी पुढे आहे.

पीएफचा आधार किती?

पीएफ हा भत्ता नाही, ती आपलीच म्हातारपणची पुंजी आहे. पण घर चालवायला बहुतेकांचा हात आधी तिथेच जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने नियम बदलण्याचा निर्णय घेतला. नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता येईल, उरलेली २५ टक्के १२ महिन्यांच्या बेरोजगारीनंतर. आधी पूर्ण रक्कम दोन महिन्यांनी काढता येत असे. पेन्शनचा भाग काढण्यासाठी दोनऐवजी ३६ महिने थांबावे लागेल. दावा करण्याआधी पोर्टलवर कोणता पर्याय दिसतो, ते पाहून घ्या.

इथेही कागद आडवे येतात. २०१७-१८ मध्ये पीएफच्या अंतिम दाव्यांपैकी सुमारे १३ टक्के फेटाळले गेले होते. २०२२-२३ मध्ये हे प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास गेले. नावाच्या स्पेलिंगमधला किंवा जन्मतारखेतला फरक, बँक खात्याचा तपशील न जुळणे अशी कारणे त्यात असतात. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः आधार ओटीपी वापरून भरू शकता.

पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर एरवी कर लागतो. पण आजारपण, व्यवसाय बंद होणे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी गेली असेल तर सूट आहे. म्हणजे ‘काढले की सोडले’ हा प्रश्न इथेही आहेच.

पहिल्या ३० दिवसांत काय करावे?

- राजीनाम्यावर लगेच सही करू नका. निदान एक दिवस मागून घ्या. काढण्याचे पत्र लेखी मागा. मिळत नसेल तर ‘मला अमुक तारखेपासून कामावर येऊ नका असे सांगितले आहे’ असा ईमेल स्वतः पाठवा.

- सही करावीच लागली, तर ‘वैयक्तिक कारण’ लिहू नका. कंपनीच्या सांगण्यावरून देत आहे, असे लिहा. दबावाने घेतलेल्या राजीनाम्याविरुद्ध कामगार आयुक्तांकडे जाता येते. नव्या संहितेत त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. मेसेज आणि कॉलच्या नोंदी जपा.

- कंपनीचा ईमेल आणि पोर्टल बंद होण्याआधी पगाराच्या पावत्या, नेमणूक पत्र, विमा क्रमांक, यूएएन आणि हजेरीच्या नोंदी उतरवून घ्या.

- थकीत पगारासाठी महिनाअखेरची वाट पाहण्याची गरज नाही. वेतन संहितेनुसार काढले किंवा राजीनामा दिला, तरी दोन कामकाजी दिवसांत वेतन द्यायला हवे.

- ईएसआयसीच्या पोर्टलवर स्वतःच्या नावाने लॉगिन करा. अंशदानाचे दिवस आणि नोकरी गेल्याचे नोंदलेले कारण तपासा. चूक असेल तर कंपनी आणि शाखा कार्यालय दोघांनाही लेखी कळवा.

- ३० दिवस झाले की अटल योजनेचा दावा ऑनलाइन भरा. आधार आणि बँक पासबुकची प्रत जोडा. बेरोजगार झाल्यापासून एका वर्षाच्या आत दावा करायचा असतो. दावा अडला तर १८००-११-२५२६ हा निःशुल्क क्रमांक आहे. दर महिन्याला ईएसआयसीच्या कार्यालयांत होणाऱ्या ‘सुविधा समागम’मध्ये अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडता येते.

- दवाखान्याचे कार्ड फेकू नका. या योजनांच्या लाभकाळात वैद्यकीय उपचारही मिळतात. खासगी कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा असेल, तर तो संपण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, ते विचारा.

- कर्जाचा हप्ता बाउन्स होण्याआधी बँकेत जाऊन सांगा. आणि घरी सांगा. रोज डबा घेऊन निघून दिवस बाहेर काढणारे अनेक जण असतात. त्यात हातातले हे ३० दिवस निघून जातात.

पुढे काय?

योजनेची मुदत पुन्हा वाढवण्याचा प्रश्न आहेच. आठ वर्षे चाललेल्या योजनेला अजून प्रायोगिक म्हणायचे का, हाही आहे. २१ हजारांची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून तीच आहे. पगार थोडा वाढला की माणूस विम्याबाहेर जातो आणि नेमका तेव्हाच नोकरी गेली तर रिकाम्या हाताने घरी जातो.

पण एक दुरुस्ती मुदतवाढीशिवायही होऊ शकते. नोकरी का गेली, याची नोंद आज एकटी कंपनी करते. कंपनीने कारण निवडताच कामगाराच्या मोबाइलवर संदेश जावा आणि ते मान्य आहे की नाही, हे त्याला नोंदवता यावे. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख कामगार स्वतः भरू शकतो. मग ईएसआयमध्ये कारणावर हरकत घेण्याची सोय का नसावी? तोवर मात्र सही करण्याआधी कागद वाचणे, एवढीच खबरदारी कामगाराच्या हातात आहे.