आठ आण्यांची विकेट

स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमचं नाव निघालं की क्रिकेटवेड्या पुणेकराला २९ फेब्रुवारी १९९६ हा दिवस हटकून आठवतो. विश्वचषकात १६६ धावांत आटोपलेल्या केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं, ते इथेच. पण पुण्याच्या क्रिकेटचा जुना पत्ता हा नाही. त्यासाठी शंकरशेठ रस्ता धरून कॅम्प गाठायचा आणि पूना क्लबाच्या मैदानापाशी थांबायचं. गोऱ्या पलटणींचा हा जिमखाना. पावसाळ्यात मुंबई सरकारचं बिऱ्हाड पुण्यात हलत असे. लाटसाहेब आले की त्यांच्यामागून अधिकारी, घोडे आणि बॅटीही येत.

१८९० ते १८९५ या काळात गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस इंग्लंडचे माजी कर्णधार होते. १८९३ मध्ये मुंबईत दंगल पेटली तेव्हा ते पुण्यातच राहिले आणि क्रिकेटपायी राज्यकारभार टांगून ठेवल्याची टीका त्यांनी ओढवून घेतली. त्याच सुमारास हिंदुस्थानात असलेला रॉबर्ट पूर हा घोडदळातला अधिकारी तर चक्क पुस्तक वाचून फलंदाजी शिकला. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. १८९९ मध्ये हॅम्पशरकडून सॉमरसेटविरुद्ध त्याने ३०४ धावा ठोकल्या आणि कॅप्टन विनयार्डबरोबर सहाव्या विकेटसाठी ४११ धावांची भागी केली. कवायत सकाळी उरकायची, हाताशी नोकरचाकर आणि वर लांबलचक रजा. व्हिक्टोरिया राणीच्या फौजेत क्रिकेटला मोकळा वेळ भरपूर होता.

जॉन ग्लेनी ग्रेग याच मुशीतला. जन्म १८७१ चा, तोही महूच्या छावणीत. १८९३ पासून तो युरोपियन संघातून खेळू लागला. पारशी विरुद्ध युरोपियन हे सामने तेव्हा दरसाल मुंबईत आणि पुण्यात होत आणि गर्दी खेचत. ग्रेग अंगाने लहानखुरा, पण ऑफच्या बाजूला मनगटाने चेंडू असा काही वळवायचा की कुंपणाबाहेरचे देशी प्रेक्षकही खूश होत. ‘जॉन ग्लेनी’ त्यांच्या जिभेवर घोळून ‘जंगली’ झालं आणि साहेब जन्मभर जंगली ग्रेगच राहिला.

हा जंगली सरावाला इतर सभासदांच्या तासभर आधी हजर होई. इतक्या लवकर त्याला गोलंदाजी करायला मैदानावर असे तो क्लबाचा नोकर. नाव बाळू. पालवणकर बाळू.

बाळूचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घर चर्मकार समाजातलं, वडील फौजेच्या नोकरीत. लष्करी साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर पुण्यात बाळू आणि त्याची भावंडं खेळायला शिकली. बाळू आधी पारशांच्या एका क्लबात मैदान झाडायचा आणि रोलर ओढायचा, महिना तीन रुपयांवर. मग पूना क्लबात चार रुपये पगार झाला. काम मात्र वाढलं: खेळपट्टी लाटायची, रेघा आखायच्या, जाळी बांधायची, अधूनमधून टेनिसची कोर्टंही बघायची. तिथे कुणीतरी त्याला जाळीत चेंडू टाकायला सांगितलं आणि लक्षात आलं की पोराचा डावखुरा फिरकी चेंडू साधासुधा नाही.

ग्रेग त्याला प्रत्येक विकेटमागे आठ आणे देत असे, ही गोष्ट क्रिकेटच्या गप्पांत हमखास निघते. खरी असेल किंवा चढवून सांगितलेली असेल, पण हिशोब करून बघण्यासारखी आहे. चार रुपये पगार म्हणजे आठ विकेटींत महिन्याचा पगार सुटला. साहेबाचा उदारपणा म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, तेव्हा एक बाजू राहून जाते. इंग्लंडात पट्टीचे गोलंदाज पगारावर ठेवून सराव करावा लागे. तोच सराव ग्रेगला आठ-आठ आण्यांत मिळाला, तोही अशा गोलंदाजाकडून, जो पुढे इंग्लंडच्या कौंटी संघांना भारी पडणार होता. १९०१ मध्ये रजेवर गेलेल्या ग्रेगने हॅम्पशरकडून लँकशरविरुद्ध लिव्हरपूलला नाबाद २४९ धावा केल्या. त्या धावांमागे पुण्यातल्या सकाळी होत्या, असं म्हणायला काय हरकत आहे? उपकार कुणी कुणावर केले, याचा ताळेबंद नव्याने मांडायला हवा.

आणि एक नोंद. तासन्‌तास गोऱ्या सभासदांना चेंडू टाकणाऱ्या बाळूच्या हाती त्या क्लबात सरावाला बॅट एकदाही दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबाचा मान, गोलंदाजी ही मेहनत.

गावातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं आणि त्यासाठी बाळू हवा होता. पण त्याला संघात घ्यायचं म्हणताच काही ब्राह्मण खेळाडू अडून बसले. तेव्हा ग्रेगने जाहीरपणे सांगितलं की बाळूला वगळाल तर मूर्ख ठराल. ग्रेगने केलेली ही एक गोष्ट आठ आण्यांपेक्षा मोलाची. यात त्याचा स्वार्थही असेलच, कारण कसलेल्या गोलंदाजाला सामन्यात तोंड द्यायला कुठल्या खऱ्या फलंदाजाला आवडणार नाही?

बाळू संघात आला. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे झेलत, पण चहाच्या वेळी सगळ्यांना कपबशा आणि त्याला पॅव्हेलियनबाहेर मातीचं मडकं. जेवणाचं ताटही वेगळं. पुढे संघ साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळायला गेला. बाळूची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी दगडासारखी करून ठेवली होती. बाळूने सात विकेट काढल्या आणि सामना पुण्याने जिंकला. याच्याबरोबर खेळता तर पंक्तीला बसायला काय होतं, असं न्यायमूर्ती रानड्यांनी बाकीच्या खेळाडूंना सुनावल्याचं सांगतात.

१८९६ च्या प्लेगनंतर पालवणकर मुंबईला गेले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूच्या आठ विकेट होत्या. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सगळे सामने धरून ११४. कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं आणि त्या वर्षी हिंदू संघ चौरंगी स्पर्धा जिंकला.

ग्रेगचं पुढचं आयुष्य कादंबरीकाराला सुचणार नाही असं. मुंबईच्या गव्हर्नराच्या दरबारी बरीच वर्षं लष्करी चाकरी, सी.आय.ई. हा किताब, मग १९२१ ते १९३० हॅम्पशर क्लबाचं सचिवपद आणि १९३५ मध्ये, साठी ओलांडल्यावर, कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा. दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याचा जुना जाळीतला गोलंदाज मुंबईत काँग्रेसचा उमेदवार म्हणून निवडणुकीला उभा राहिला, समोर साक्षात डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५.

बाळू १९५५ मध्ये गेला, ग्रेग तीन वर्षांनी, इंग्लंडात.