पडवीतला पाहुणा

वाहनाच्या धक्क्याने कणा मोडलेली एक कुत्री गेला पावसाळाभर आमच्या पडवीत होती. निवाऱ्यात जागा नव्हती, म्हणून चार दिवसांसाठी आणली. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण कीर्तनात भक्तिभावाने ऐकतो. परंतु मागचे पाय लुळे पडलेल्या जनावराचे मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून रिकामे करावे लागते, कूस बदलावी लागते, फरफटीच्या जखमा धुवाव्या लागतात, हे कोणी सांगत नाही. पहिल्या आठवड्यात आम्हीही कंटाळलो, हे कबूल केले पाहिजे. पुढे दोन चाकांचा गाडा बांधला आणि ती अंगणभर हिंडू लागली.

२०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला. लसीकरण करणाऱ्यांचे ते श्रेय निर्विवाद. पण लस टोचलेले जनावर उद्या अपंग झाले तर त्याने जावे कुठे? जनावर टाकून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. सांभाळणाऱ्याची मात्र कोणी विचारपूसही करीत नाही. अशा घरांना औषधे आणि पशुवैद्याची पंधरवड्याची फेरी तरी पंचायतींनी पुरवावी. आमच्याकडची कुत्री अद्याप कायमच्या घराच्या प्रतीक्षेत आहे.