यंत्र कोणाच्या दारात?



अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनात तंबाखूचे पान बुडापासून शेंड्याकडे पिकते. म्हणून हंगामात चार-पाच वेळा वाकून तोडणी, मग पाने काठीला बांधून भट्टीत टांगणे. सारे घर राबे. १९६० च्या दशकात मोकळी पाने सुकवणाऱ्या भट्ट्या आल्या, बांधणी संपली. १९७० च्या दशकात तोडणीयंत्र आले. दोन-चार एकरांत ते परवडेना. लागवडीचा सरकारी कोटा भाड्याने देण्याची मुभा १९६२ पासूनच होती. कोटा मोठ्यांकडे गेला. मजूर घटले, पाठोपाठ लहान शेतकरीही.

आपला कापूसही तीन-चार वेचण्यांत येतो. वेचणीयंत्राला विरोध नको. पण गावाने मिळून घेतले तरच ते आपले चाकर, नाहीतर मालक.