पंधरा हजार रुग्ण, एक फाइल आणि न विचारलेला प्रश्न

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील माहितीचे एकत्रीकरण हा सध्या राजकीय वादाचा विषय आहे. विविध रुग्णालयांची माहिती एका व्यासपीठावर आणण्याचे, सुमारे 33 कोटी पौंडांचे आणि सात वर्षांचे कंत्राट नोव्हेंबर 2023 मध्ये पॅलंटिर या अमेरिकन कंपनीच्या नेतृत्वाखालील समूहाला देण्यात आले. चर्चा प्रामुख्याने होते ती रुग्णांच्या खासगीपणाची आणि कंपनीच्या पार्श्वभूमीची. ती आवश्यकच आहे. परंतु माहिती एका प्रणालीतून दुसरीत जाताना तिची तपासणी कोण करते आणि त्या तपासणीचे नियम नेमके कोठे लिहिलेले असतात, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. त्याची किंमत या देशाने एकदा मोजलेली आहे.

25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर 2020 या आठ दिवसांत इंग्लंडमधील 15,841 कोविडबाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीतून गळाली. खासगी प्रयोगशाळांकडून साध्या मजकूर स्वरूपातील फाइली येत. पब्लिक हेल्थ इंग्लंड त्या एक्सेलच्या जुन्या साच्यात ओतून पुढे मध्यवर्ती प्रणालीकडे पाठवत असे. त्या जुन्या स्वरूपाची मर्यादा 65,536 ओळींची. एका रुग्णाची माहिती अनेक ओळी व्यापत असल्याने एका फाइलीत जेमतेम 1,400 रुग्ण मावत. उरलेल्या ओळी गळून पडल्या आणि ते कोणाच्याही ध्यानात आले नाही. दहा लाखांहून अधिक ओळी सामावणारे नवे स्वरूप 2007 पासून उपलब्ध होते, हे येथे नमूद करायला हवे.

रुग्णांना स्वतःचा अहवाल मिळाला होता. मात्र त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. वॉरिक विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ थीमो फेट्झर यांनी सहकाऱ्यासह केलेल्या अभ्यासाने या विलंबाचा संबंध सव्वा लाखाहून अधिक अतिरिक्त बाधित आणि दीड हजारांहून अधिक मृत्यूंशी जोडला. हा सांख्यिकी अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजदाद नव्हे. तरीही तो सहज बाजूला सारता येण्याजोगा नाही.

त्या वेळी सर्व खापर एक्सेलवर फुटले. हे निदान अर्धवट होते. व्यावसायिक डेटाबेसमध्ये अशा कामासाठी ‘स्टोअर्ड प्रोसीजर’ वापरण्याची रीत जुनी आहे. डेटाबेसच्या पोटातच साठवलेली ही आज्ञावली नाव घेऊन बोलावता येते. आलेली माहिती आधी तात्पुरत्या तक्त्यात उतरवावी, तपासावी, आणि मगच मुख्य तक्त्यात न्यावी. मध्येच काही बिघडले तर सारा व्यवहार मागे फिरवावा. एक तर सर्व ओळी आत, नाहीतर एकही नाही. बँकांचे हिशेब याच शिस्तीवर चालतात.

मात्र केवळ प्रोसीजर असती तर 2020 चा घोळ टळला असता, असे म्हणता येणार नाही. ओळी डेटाबेसच्या उंबरठ्यापर्यंत पोचण्यापूर्वीच गळाल्या होत्या. आत आलेल्या अपुऱ्या फाइलीला कोणत्याही प्रोसीजरने ‘ठीक’ असाच शेरा दिला असता. तिच्या हाती आणखी एक आकडा हवा होता: प्रयोगशाळेने मुळात किती नोंदी पाठवल्या? पाठवलेले आणि पोचलेले यांची बेरीज जुळवण्याचे काम किराणा दुकानातला मुनीमही रोज संध्याकाळी करतो. चूक लक्षात आल्यावर फाइलींचे लहान तुकडे करण्याचा तातडीचा उपाय योजला गेला. त्याने मर्यादेची अडचण दूर झाली. बेरीज जुळवण्याचा प्रश्न वेगळाच होता.

दुसरी बाजूही आहे. लंडन, स्लाव किंवा रेडिंगमध्ये बँका व विमा कंपन्यांच्या प्रणाली सांभाळणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती हजारो ओळींची प्रोसीजर पाहिली असेल, जिला हात लावण्याचे धाडस कोणी करत नाही. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला, बदलांचा इतिहास नाही, चाचण्या नाहीत. शिवाय ओरॅकलसाठी लिहिलेली प्रोसीजर मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर जशीच्या तशी चालत नाही. नियम जितके डेटाबेसच्या आत खोल, तितकी पुरवठादाराशी बांधिलकी घट्ट.

हीच कसोटी आरोग्य सेवेच्या नव्या व्यासपीठाला लावायला हवी. तेथे रूपांतराचे नियम डेटाबेसऐवजी पॅलंटिरच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिले जातात. माहितीवरील नियंत्रण आरोग्य सेवेकडेच राहील, असे सरकार सांगते. परंतु रुग्णालयाकडून आलेली नोंद कोणत्या अटींवर स्वीकारली वा नाकारली जाते, हे ठरवणारी आज्ञावली कंत्राट संपल्यावर दुसऱ्या प्रणालीत नेता येईल काय? ती पुन्हा लिहावी लागली, तर खर्च कोणाचा? आणि दरम्यानच्या काळात एखाद्या रुग्णालयाच्या नोंदी कमी पोचल्या, तर ते प्रथम कोणाला कळेल? खासदारांच्या समित्यांनी कंपनीच्या प्रतिनिधींना विचारावेत असे हे प्रश्न आहेत.