विश्लेषण : गाव सुटलेल्यांचा पंथ? पेंटेकॉस्टल मंडळ्या कशा उभ्या राहिल्या?

वणीच्या कोळसापट्ट्याला बाहेरून येणारा कामगार नवा नाही. परक्या गावात माणूस आधी आपली भाषा बोलणारे शोधतो. पेंटेकॉस्टल ख्रिस्ती पंथाचा जगभरातील प्रसारही याच गरजेतून बराचसा उलगडतो.

हा पंथ काय मानतो?

नाव ‘पन्नासावा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले. येशूच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते निरनिराळ्या भाषांत बोलू लागले, असे बायबल सांगते. हा अनुभव आजही येतो, ही मुख्य श्रद्धा. जाणत्या वयात पाण्यात बुडवून बाप्तिस्मा, प्रार्थनेने आजार बरा होणे आणि येशूचे पुनरागमन यांवरही भर असतो.

महाराष्ट्राशी संबंध काय?

लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर 1906 मध्ये सुरू झालेल्या सभांपासून पंथाचा आरंभ सहसा मोजतात. पण त्याआधीच, 1905 मध्ये, पुणे जिल्ह्यातील केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अशीच जागृती झाली होती. तिथे दुष्काळाने घरदार हिरावलेल्या अनेक मुली होत्या. काही 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या. रमाबाईंच्या अमेरिकी सहकारी मिनी एब्रम्स यांनी याविषयी लिहिलेली पुस्तिका चिलीपर्यंत पोहोचली. तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीला तिने चालना दिली.

स्थलांतरितांनी मंडळी कशी उभारली?

लुइजी फ्रान्सेस्कॉन हे इटलीहून शिकागोला आलेले मोझाइक कारागीर. तिथल्या इटालियन कामगारांत 1907 मध्ये पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. 1910 मध्ये ते ब्राझीलला गेले आणि तिथे ‘ख्रिश्चन काँग्रिगेशन’ आकाराला आली. तिच्यात पगारी पाद्री नसतो. ज्येष्ठ मंडळी पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून सेवा करतात. उपासनेत स्त्रिया डोक्यावर वस्त्र घेतात, स्त्री-पुरुष वेगळे बसतात. सुरुवातीला उपासना इटालियनमध्ये होई. पुढे पोर्तुगीज आली आणि मंडळी इटालियनांपुरती राहिली नाही.

वाद कुठे होतो?

मुख्यतः आजारपणात. अनेक मंडळ्या प्रार्थनेसोबत औषधही घेतात. काही कट्टर गट औषध नाकारतात. श्रद्धा ज्याची त्याची, पण रुग्णाचा उपचार थांबला तर किंमत जिवाने मोजावी लागते.

सारांश काय?

पंथ ‘परदेशी’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्या इतिहासातले एक पान केडगावचे आहे, आणि ते दुष्काळाने गाव सोडायला लावलेल्या मुलींनी लिहिले आहे.