शाल, श्रीफळ आणि मानधन

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यासाठी पैशाच्या वाटा गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाढल्या आहेत. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. पण हा पैसा संस्थेला मिळतो, माणसाला नाही. संस्था म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकर सवलतीच्या नोंदण्या, वर तीन वर्षांच्या कामाचा दाखला. एकट्या कार्यकर्त्याला जवळची वाट फेलोशिपची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेला ‘निर्माण’ उपक्रम तरुणांना शिबिरांतून प्रत्यक्ष कामाकडे नेतो. मुंबईची ‘कोरो’ वस्तीतल्या, पाड्यावरच्याच माणसांना नेतृत्वाचे प्रशिक्षण देते.

तिसरी वाट परदेशस्थ मराठी माणसांची, आणि खरा घोळ तिथेच आहे. अमेरिकेतल्या महाराष्ट्र फाउंडेशनने १९९४ पासून साहित्याला आणि १९९६ पासून समाजकार्याला पुरस्कार देऊन कार्यकर्त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांची मदत मात्र बहुधा वस्तूंवर थांबते. एका मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात गावच्या शाळेला दिलेल्या संगणक कक्षाची चित्रफीत दाखवली गेली. कोनशिला दिसली, फीत कापलेली दिसली. पुढच्या रांगेतल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीने विचारले, ‘पण शिकवायला कोण येतं?’ सभागृह हसले, तिळगूळ वाटला गेला आणि नाट्यसंगीत सुरू झाले.

उत्तर असे होते की शिकवणारा तरुण मानधन थांबल्यावर पुण्याला नोकरीला गेला होता. कक्षाला कुलूप होते.

प्रस्तुत लेखकाच्या घरी पियानो आहे. तो विकत घेतला म्हणजे मुलाला वाजवता येईल असे त्या घरात कोणी समजले नाही. शिकवणाऱ्या बाईंची फी दर आठवड्याला न चुकता जाते. दर पंधरवड्याला साफसफाईला येणाऱ्या बाईंनाही कोणी शाल-श्रीफळ देऊन परत पाठवत नाही. गावातल्या कार्यकर्त्याने तेवढे निःस्वार्थी असावे, त्याच्या मुलांची फी आणि आईचे औषध त्यागातून भागावे, ही अपेक्षा. तीन वर्षांचे मानधन मागितले की ‘पगारात पैसे जातात’ ही तक्रार. पगार म्हणजेच काम, हे स्वतःच्या पगारावर परदेशात घर उभे केलेल्यांनी तरी विसरू नये.

हे सुनावणे थोडे जास्त झाले, त्याबद्दल क्षमा असावी. कोनशिलेमागे नुसती हौस नसते. आईच्या शेवटच्या दिवसांत विमान वेळेवर मिळाले नाही, तिचे नाव निदान गावच्या भिंतीवर राहावे, अशा भावनेतून कितीतरी खोल्या उभ्या राहिल्या आहेत. त्या भिंतीआड कोणी शिकवणारे असले, तर ते नाव रोज उच्चारले जाईल, इतकेच म्हणणे आहे.

कायद्याची अडचण खरी आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशात स्वतः कमावलेल्या पैशातून, बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी ठरत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्याची, ओसीआय कार्ड असले तरी, परदेशी ठरते. मग घेणाऱ्या संस्थेकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. एकाच घरात नवऱ्याचे शंभर डॉलर देशी आणि बायकोचे परदेशी, असेही घडते. २०२० च्या दुरुस्तीने असा निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेमार्फत छोट्या गटाला मदत पोचवण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

एक वाट तरीही उरते. नोंदणी असलेली संस्था निवडावी, तिच्याच कामावर असलेल्या एका क्षेत्र कार्यकर्त्याचे मानधन तीन वर्षे उचलावे आणि दरवर्षी कामाचा अहवाल मराठीत मागवावा. फीत कापायला काही उरत नाही, म्हणून असा ठराव बैठकीत मांडला की खजिनदार आधी छायाचित्राचे विचारतात.