पाण्याचे वैद्य

दिवाळीच्या साफसफाईतून आमच्या जामसंड्यात काहीही सुटत नाही. माळ्यावरच्या पितळी भांड्यांना चिंच लागते, अंगणाला शेण लागते आणि अलीकडे ज्या घरांत माशांची काचेची टाकी आली आहे, तिथे माशांनाही अभ्यंगस्नान घडते. सगळे पाणी उपसायचे, वाळू खळखळून धुवायची, नवे पाणी भरायचे आणि वरून रंगीत बाटल्यांतले चार-चार थेंब सोडायचे. लक्ष्मीपूजनाला टाकी आरशासारखी लखलखते. भाऊबीजेला तीत एखादा मासा उलटा तरंगत असतो.

शेजारच्या मुलासाठी त्याच्या काकाने गणपतीत मुंबईहून अशी टाकी आणली. सोबत तीन बाटल्या होत्या : एक पाणी माणसाळवणारी, दुसरी ते स्वच्छ करणारी आणि तिसरी रोग दूर ठेवणारी. दीड महिन्यात सहांपैकी चार मासे गेले. मासा गेला की औषध वाढे. औषध वाढले की पुढचा मासा जाई. मुलाने उरलेल्या दोघांना नावे ठेवायचेच सोडून दिले. त्याची आजी मला म्हणाली, "सर, आमी ह्याच पाणी पितव. मग माशांका काय झाला?"

प्रश्न बिनतोड आहे. उत्तर देण्यापूर्वी पहिल्या बाटलीचे काम पाहिले पाहिजे. शहरात नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो. तो आपल्याला साथींपासून वाचवतो आणि माशांचे कल्ले जाळतो. बाटलीतले औषध हा क्लोरिन मारते. पुष्कळ बाटल्यांत त्यासाठी सोडियम थायोसल्फेट असते. म्हणजे जुने फोटोग्राफर ज्याला 'हायपो' म्हणत तेच. मुंबईच्या काकांना ही बाटली उपयोगाची. पण जांभ्या दगडातल्या आमच्या विहिरीत क्लोरिन येणार कुठून? पावसाळ्यात टी.सी.एल. पावडर टाकली असेल तेवढ्यापुरताच. एरवी ही बाटली म्हणजे नसलेल्या तापावर दिलेली गोळी. विहिरीच्या पाण्याची उणीव निराळीच असते. खोलवरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्यावर इलाज, बादलीत पाणी काढून रात्रभर उघडे ठेवावे आणि दोन-चारदा वरून ओतून खळबळवावे. त्याला पैसे पडत नाहीत.

मग मासे मेले कशाने? मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो; उरलेले खाणे कुजले की त्यात आणखी भर पडते. हा अमोनिया विषारी. वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजावर बसलेले सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच निरुपद्रवी. नव्या टाकीत ही बिनपगारी पालिका स्थिरस्थावर व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे आणि खाणे त्याहून थोडे, एवढेच पथ्य. आम्ही मात्र सहा मासे एकदम सोडतो, मूठभर खाणे टाकतो, वर रोगप्रतिबंधक औषध घालतो. त्यातली काही औषधे जंतू मारताना ह्या उपकारी जंतूंनाही सोडत नाहीत. उरलेसुरले दिवाळीच्या धुण्यात जातात.

ह्या शास्त्राच्या आरंभीची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने 1849 साली एका भांड्यात दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देई. पण तिची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. गृहस्थ औषधविक्रेत्यांच्या संस्थेत नोकरीला; बाटल्यांना तोटा नव्हता. पण त्याने पाण्यात औषध घातले नाही, तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. 1850 साली त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला.

औषध अजिबात नको असे मी म्हणत नाही. माशाच्या अंगावर बुरशी आली तर मेथिलिन ब्ल्यू द्यावे. पण आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढून द्यावे. घरात एकाला हिवताप आला म्हणून आपण सगळ्या आळीला क्विनाइन पाजत नाही. तांबे असलेली औषधे तर आमच्या मऊ पाण्यात अधिकच जहाल ठरतात. बाटलीत काय आहे आणि ते कशावर आहे, ही दोन उत्तरे मिळाल्यावाचून बूच उघडू नये.

तेव्हा ह्या दिवाळीत टाकीला अभ्यंगस्नान घालू नका. चौथाई पाणी काढा. स्पंज नळाखाली न धुता त्याच काढलेल्या पाण्यात पिळा. रात्रभर ठेवलेले पाणी हळू भरा. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे टाका, फराळ माणसांनी करावा. आमच्या भाषेत पाणी 'निवळते' म्हणतात, त्या शब्दात थोडे थांबणे आलेच. शेजारचे दोन मासे अजून आहेत. बाटल्या आजीने फळीवर ठेवल्या आहेत आणि मुलाने परवा एकाचे नाव विचारपूर्वक नक्की केले.